सौर पॅनेलशेजारी आरसा ठेवला तर वीज किती वाढते?

पॅनेलवर पडणाऱ्या उन्हात शेजारच्या आरशाने आणखी भर घालावी, ही कल्पना सहज सुचण्याजोगी आहे. आरसा पॅनेलच्या मानाने साधी वस्तू आहे, त्याला जोडण्या लागत नाहीत आणि वाया जाणारे ऊन तो पॅनेलकडे वळवतो. मग सौरविजेच्या बहुतेक प्रकल्पांत आरसे का दिसत नाहीत, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर 'चालते' किंवा 'चालत नाही' असे एका शब्दात देता येत नाही, कारण ते पॅनेल आतून कसे बांधले आहे यावर अवलंबून असते. पातळ थराच्या पॅनेलांची अंतर्गत रचना सपाट आरशाच्या प्रकाशाला विशेष अनुकूल आहे, मात्र पॅनेल योग्य दिशेने बसवले तरच. या लेखाचा बराचसा भाग त्याच रचनेविषयी आहे.

थर 'पातळ' म्हणजे किती पातळ

प्रकाश पडल्यावर वीज निर्माण करणाऱ्या एका घटकाला सौरघट म्हणतात आणि असे अनेक सौरघट जोडून काचेत बंदिस्त केले की पॅनेल तयार होते. सर्वत्र दिसणारे नेहमीचे पॅनेल सिलिकॉनच्या स्फटिकापासून कापलेल्या चकत्यांचे असते आणि अशा चकतीची जाडी साधारण दीडशे मायक्रोमीटर, म्हणजे जाडसर केसापेक्षा थोडी अधिक असते. स्फटिकरूपातले सिलिकॉन प्रकाश हळूहळू शोषते, म्हणून तिथे एवढी जाडी ठेवावी लागते.

काही पदार्थ मात्र प्रकाश फार चटकन शोषतात. कॅडमियम टेल्युराइड, तांबे-इंडियम-गॅलियम-सेलेनियम यांचे संयुग आणि स्फटिकरूप न घेतलेले सिलिकॉन हे त्यांतले प्रमुख होत. यांचा दोन-तीन मायक्रोमीटरचा किंवा त्याहूनही कमी जाडीचा थर पुरेसा असतो आणि तो थेट काचेवर चढवता येतो. अशा पॅनेलला पातळ थराचे पॅनेल किंवा थिन फिल्म म्हणतात. जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांत पातळ थराच्या पॅनेलांपैकी कॅडमियम टेल्युराइडचा वापर सर्वाधिक आहे. स्फटिक नसलेल्या सिलिकॉनचे छोटे सौरघट आपण गणकयंत्रांवर पूर्वीपासून पाहत आलो आहोत.

आरसा नेमका किती प्रकाश देतो

पॅनेलवर पडणारा प्रकाश नेहमीच्या उन्हाच्या किती पट झाला, या आकड्याला संकेंद्रण म्हणतात. भिंगांच्या किंवा वक्र आरशांच्या साहाय्याने ते शेकडो पटींपर्यंत नेता येते, पण त्यासाठी सूर्याचा अचूक पाठलाग करणारी यंत्रणा आणि खास प्रकारचे सौरघट लागतात. आपला विषय त्याहून बराच साधा आहे. सपाट आरसे लावून दीड ते दोन पट प्रकाश मिळवणे, यालाच अल्प संकेंद्रण म्हणतात.

यातले भूमितीचे एक उदाहरण मला फार आवडते, कारण ते कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळून पाहता येते. पॅनेल सूर्याकडे सरळ तोंड करून आहे असे समजा. त्याच्या एका कडेला पॅनेलइतक्याच रुंदीचा आरसा असा लावा की, पॅनेल आणि आरसा यांच्यामधला कोन १२० अंश होईल. आरशाच्या बाहेरच्या कडेवर पडलेला किरण परावर्तित होऊन पॅनेलच्या बरोबर पलीकडच्या कडेवर पोहोचतो आणि आतल्या कडेवरचा किरण अलीकडच्या कडेवर पडतो. म्हणजे आरशाचा प्रकाश संपूर्ण पॅनेलभर एकसारखा पसरतो आणि मूळ उन्हात निम्म्याची भर पडते. दुसऱ्या कडेलाही तसाच आरसा लावला की एकूण प्रकाश कागदावर दुप्पट होतो.

प्रत्यक्षात तो दुप्पट होत नाही. ॲल्युमिनियमचा चांगला परावर्तक पडलेल्या प्रकाशापैकी ८५ ते ९० टक्के परत पाठवतो, चांदीचा लेप असलेला आरसा ९५ टक्क्यांच्या जवळपास पोहोचतो. शिवाय आरशाकडून येणारा प्रकाश पॅनेलवर तिरपा पडत असल्यामुळे काचेवरून थोडा अधिक परतून जातो. हे सगळे वजा केले तर दोन्ही बाजूंना आरसे लावून हाती १.८ ते १.८५ पट प्रकाश लागतो. यासाठी आरशांचे एकूण क्षेत्रफळ पॅनेलच्या दुप्पट लागले, हे विसरू नये. आरशाचा एक चौरस मीटर पॅनेलच्या एक चौरस मीटरइतका प्रकाश कधीच आणून देत नाही. या मांडणीत तो निम्म्यापेक्षा कमीच देतो.

पण सूर्य एका जागी थांबत नाही

वरचा हिशेब सूर्य बरोबर समोर असतानाचा आहे. दिवसभरात सूर्य आकाश ओलांडतो आणि वर्षभरात त्याची दुपारची उंची एकूण ४७ अंशांनी खालीवर होते. आरसे स्थिर असतील तर त्यांना या सगळ्या हालचालीतून प्रकाश पकडायचा असतो आणि इथे निसर्गाने एक कडक मर्यादा घालून ठेवली आहे. परावर्तक जितके जास्त संकेंद्रण देईल, तितकी त्याची आकाशातली 'खिडकी' अरुंद होते. लांबट, पन्हळीसारख्या परावर्तकाचा आकार अगदी आदर्श असला, तरी दुप्पट प्रकाशासाठी त्याची खिडकी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ३० अंशांची राहते आणि दहापट प्रकाशासाठी ती सहा अंशांपेक्षाही लहान होते. रोलंड विन्स्टन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात असे परवलयाकार परावर्तक प्रसिद्धीला आणले आणि ते या मर्यादेच्या अगदी जवळ जातात. सपाट आरसे तिच्यापासून बरेच मागे राहतात. म्हणूनच सूर्यामागे न फिरणाऱ्या सपाट आरशाकडून वर्षाच्या सरासरीत दुप्पट प्रकाशाची अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

याच भूमितीमुळे होणारी एक चूक वारंवार पाहायला मिळते, ती म्हणजे पॅनेलच्या पुढे जमिनीवर आडवा ठेवलेला चकचकीत पत्रा. सूर्यकिरण ज्या कोनात खाली येतो त्याच कोनात तो आडव्या पत्र्यावरून वर जातो. सूर्य क्षितिजापासून ६० अंश उंच असेल तर परावर्तित किरणही ६० अंशांच्या चढाने वर जाईल आणि ३० अंशांच्या उतारावर बसवलेल्या पॅनेलला तो कधीच गाठू शकणार नाही. तो पॅनेलच्या वरून निघून जाईल. आडव्या आरशाचा उपयोग पॅनेलचा उतार सूर्याच्या उंचीपेक्षा जास्त असेल तेव्हाच होतो, म्हणजे मुख्यतः विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत आणि हिवाळ्यात. सूर्य ६० अंशांवर असताना आरशाची पॅनेलपासून दूरची कड ३० अंशांनी उचलावी लागते, तेव्हा कुठे वर सांगितलेला १२० अंशांचा कोन जुळतो. ऋतूनुसार हा उतार वर्षातून काही वेळा बदलता आला तर फायदा बराच वाढतो.

ढगाळ दिवशी काय होते, हाही रास्त प्रश्न आहे. अशा दिवशी प्रकाश एका दिशेने न येता सगळ्या आकाशातून विखरून येतो. आरसा आकाशाचा जेवढा भाग पॅनेलला दाखवतो, साधारण तेवढाच भाग तो स्वतः झाकूनही टाकतो. त्यामुळे पूर्ण ढगाळ हवेत आरशाचा लाभ जवळजवळ शून्य असतो.

पट्ट्यांची दिशा: खरा प्रश्न इथे आहे

आतापर्यंतचे सगळे कोणत्याही पॅनेलला लागू पडते. पातळ थराच्या पॅनेलचे वेगळेपण त्याच्या जोडणीत आहे.

पॅनेलमधले सौरघट एकसर जोडणीत असतात, म्हणजे एका घटातून निघालेला विद्युतप्रवाह पुढच्या घटातून जातो, तिथून त्याच्या पुढच्या घटात, असे करत शेवटापर्यंत. ओळीने उभी राहिलेली माणसे पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देत आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. ओळीतली नऊ माणसे मिनिटाला वीस बादल्या पुढे देऊ शकत असतील आणि दहावा माणूस बाराच देऊ शकत असेल, तर ओळीच्या टोकाला मिनिटाला बाराच बादल्या पोहोचतील. इतरांची ताकद वाया जाते. सौरघटांचेही अगदी असेच आहे. घटाचा प्रवाह त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतो आणि एकसर जोडणीत सर्वांत कमी प्रकाश मिळालेला घट सगळ्यांचा प्रवाह ठरवतो.

आता आरशाचा प्रकाश पाहा. सूर्य अगदी समोर नसेल तेव्हा आरशाचा प्रकाश पॅनेलभर न पसरता एका कडेलगत लांब पट्ट्यासारखा पडतो. समजा, तो पॅनेलच्या खालच्या एक-तृतीयांश भागावर पडला. सिलिकॉनच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये चौकोनी घटांच्या रांगा असतात. खालच्या रांगांना दीडपट प्रकाश मिळतो, वरच्या रांगांना नेहमीइतकाच. हे सगळे घट एकसर जोडलेले असल्यामुळे वरच्या घटांचाच प्रवाह चालतो आणि खालच्या रांगांना मिळालेला जादा प्रकाश केवळ उष्णता होऊन बसतो. पॅनेल आडवे केले, उभे केले, तरी घट चौकोनी असल्यामुळे ही अडचण सुटत नाही.

पातळ थराच्या पॅनेलमध्ये चौकोनी घट नसतात. संपूर्ण काचेवर थर चढवल्यावर लेझरने त्यात समांतर रेषा कोरतात आणि त्यांतून जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीच्या, पण पॅनेलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचणाऱ्या लांब पट्ट्या तयार होतात. प्रत्येक पट्टी हा एक सौरघट असतो. एका पॅनेलमध्ये अशा शंभर-दोनशे, कधी त्याहूनही अधिक पट्ट्या असतात आणि त्या एकीशेजारी एक अशा एकसर जोडलेल्या असतात.

हे पॅनेल पट्ट्या उभ्या, म्हणजे खालून वर जातील अशा रीतीने बसवले आणि आरशाचा प्रकाश पुन्हा खालच्या एक-तृतीयांश भागावर पडला, तर काय होते? प्रत्येक पट्टीच्या खालच्या तृतीयांशावर जादा प्रकाश पडतो. एकाच पट्टीचे वरचे आणि खालचे भाग परस्परांशी समांतर जोडणीत असल्यामुळे त्यांच्या प्रवाहांची बेरीज होते. सगळ्या पट्ट्यांना सारखाच वाटा मिळाल्याने सगळ्यांचा प्रवाह सारखाच वाढतो आणि कोणीही कोणाला अडवत नाही. असमान प्रकाशाचाही जवळजवळ संपूर्ण लाभ हाती येतो.

तेच पॅनेल ९० अंशांत फिरवून पट्ट्या आडव्या ठेवल्या, की चित्र पार उलटते. खालच्या पट्ट्यांना जादा प्रकाश मिळतो, वरच्यांना नाही. आणि वरची एखादी पट्टी सगळ्या पॅनेलचा प्रवाह ठरवते. आरसा तोच, पॅनेल तेच, ऊन तेच, तरी लाभ जवळजवळ नाहीसा होतो. आरसा लावून पाहिला आणि काहीच फरक पडला नाही, असा अनुभव ज्यांना आला, त्यांनी आरशाला दोष देण्याआधी पट्ट्यांची दिशा तपासावी असे मी आग्रहाने सुचवेन. पट्ट्यांमधल्या बारीक रेषा काचेतून तिरप्या नजरेने पाहिल्यास बहुधा दिसतात. नियम एवढाच की, आरसा पॅनेलच्या ज्या कडेला लागून आहे, त्या कडेशी पट्ट्या काटकोनात हव्यात.

या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य बाजूला असतो, तेव्हा परावर्तित प्रकाशाचा पट्टा लांबीच्या दिशेने सरकतो आणि पॅनेलच्या एका टोकाच्या पट्ट्या कोरड्या राहतात. टोकाच्या चार पट्ट्यांना आरशाचा प्रकाश मिळाला नाही तरी उरलेल्या दोनशे पट्ट्यांचा लाभ बुडतो. म्हणून आरसा पॅनेलइतकाच लांब ठेवून भागत नाही. तो दोन्ही टोकांना पॅनेलच्या पुढे गेलेला असावा लागतो. एकट्या पॅनेलसाठी हे गैरसोयीचे असते, तर पॅनेलांच्या लांब रांगेसाठी सोपे. कारण रांग कितीही मोठी असली तरी टोके दोनच असतात.

जास्त ऊन म्हणजे जास्त उष्णता नाही का?

अर्थात आहे. पॅनेलवर पडलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचव्या भागाची वीज होते आणि उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता. प्रखर उन्हात, मंद वाऱ्यात, पॅनेलचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ३१ अंश सेल्सिअसने जास्त असते. प्रकाश दीडपट केला की ही वाढ ४६-४७ अंशांवर जाते. हवा ३५ अंशांची असेल, तर आरसा नसताना पॅनेल ६६ अंशांच्या आसपास असेल आणि आरसा असताना ८२ अंशांच्या आसपास.

तापलेला सौरघट कमी वीज देतो. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते (नव्या प्रकारांत याहून थोडी कमी), तर कॅडमियम टेल्युराइडची सुमारे ०.३ टक्क्यांनी आणि स्फटिक नसलेल्या सिलिकॉनची त्याहूनही कमी. वरचेच तापमान घेऊन हिशेब केला, तर दीडपट प्रकाशातून सिलिकॉनचे पॅनेल सुमारे १.३८ पट वीज देईल आणि कॅडमियम टेल्युराइडचे सुमारे १.४२ पट. फरक मोठा नाही. पण तो पातळ थराच्या बाजूने आहे आणि जितके ऊन जास्त, हवा जितकी गरम, तितका तो रुंदावत जातो.

मला अधिक काळजी वाटते ती विजेच्या तात्पुरत्या घटीपेक्षा ८२ या आकड्याची. पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय मान्यता-चाचण्यांत वारंवार तापवून-थंड करण्याची जी परीक्षा असते, तिची वरची मर्यादा ८५ अंश आहे. दीड पटीवरच आपण त्या मर्यादेला टेकलो आहोत. पॅनेलच्या मागून वारा मोकळा वाहू देणे आणि आरसा व पॅनेल यांच्यामध्ये हवेसाठी फट ठेवणे, हे म्हणूनच अत्यावश्यक मानावे. पातळ थर चढवताना काच बरीच तापवावी लागते आणि त्या तापात काचेला आधी दिलेले टेम्परिंग, म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेली मजबुती, टिकत नाही. अशा काचेचा एक भाग गरम आणि दुसरा तुलनेने थंड राहिला, तर तिच्यावर ताण येतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

प्रवाह दुप्पट, रोधाचा तोटा चौपट

दुप्पट प्रकाशात पॅनेलचा विद्युतदाब किंचितच वाढतो. वाढतो तो प्रवाह. तारेत किंवा थरात प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि रोधामुळे वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट.

पातळ थराच्या पॅनेलचा हा दुबळा भाग आहे. सिलिकॉनच्या घटावर प्रवाह गोळा करायला चांदीच्या बारीक रेघा असतात, तर पातळ थरावर प्रवाह नेणारा पुढचा थर पारदर्शक असावा लागतो. पारदर्शक असूनही वीज वाहून नेणारे पदार्थ धातूंइतके चांगले वाहक नसतात. पट्ट्या इतक्या अरुंद ठेवण्याचे कारणही हेच, की प्रवाहाला त्या थरातून फार लांब जावे लागू नये. ही रुंदी नेहमीच्या उन्हाचा विचार करून ठरवलेली असते. दीड-दोन पटींपर्यंत तोटा सोसता येतो. पाच किंवा दहा पटींवर तो सगळा लाभ खाऊन टाकतो. पातळ थर आणि उच्च संकेंद्रण यांचे जुळत नाही, ते या कारणाने. पॅनेलबाहेरच्या केबल, फ्यूज आणि इन्व्हर्टर यांनाही वाढलेला प्रवाह पेलावा लागतो. इन्व्हर्टरची प्रवाहमर्यादा आधीच गाठलेली असेल, तर भर दुपारची सगळी जादा वीज तिथेच छाटली जाते.

पॅनेल लवकर खराब होणार नाही का?

या आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो मैदानावर १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आर्को सोलर या कंपनीने सुमारे पाच मेगावॉटचा, त्या काळी जगात सर्वांत मोठ्यांपैकी असलेला सौरप्रकल्प उभारला. सूर्यामागे फिरणाऱ्या चौकटींवर सिलिकॉनची पॅनेल होती आणि त्यांच्या बाजूंना प्रकाश वाढवणारे आरसे. काही वर्षांतच पॅनेलच्या आतला, घटांना काचेशी चिकटवून ठेवणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा थर पिवळा आणि मग तपकिरी पडू लागला. जादा ऊन, त्यातली अतिनील किरणे आणि वाढलेले तापमान यांनी त्या प्लॅस्टिकचा ऱ्हास घडवला होता. वीजनिर्मिती घटत गेली आणि १९९०च्या दशकात प्रकल्प मोडीत निघाला.

त्या अनुभवातून चिकट थराची रसायने पुष्कळ सुधारली, आणि काच अतिनील किरणे अधिक अडवू लागली. तरीही तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बदललेला नाही. कॅडमियम टेल्युराइडच्या मागच्या जोडणीत वापरलेले तांबे दीर्घकाळच्या उष्णतेत हळूहळू थरात झिरपते आणि क्षमता घटवते. बहुतेक उत्पादक पॅनेलवर कृत्रिमरीत्या एकवटलेला प्रकाश टाकू नये, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात. आरसा लावल्यास हमी रद्द होऊ शकते. माझ्या मते ही सूचना शब्दशः गंभीरपणे घ्यावी आणि हमीखालच्या पॅनेलवर उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय आरसा लावू नये.

स्फटिक नसलेल्या सिलिकॉनची गोष्ट थोडी निराळी आणि मोठी मनोरंजक आहे. १९७७ साली स्टेब्लर आणि व्रॉन्स्की या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की हा पदार्थ प्रकाशात राहिला की त्याची क्षमता काही प्रमाणात घटते आणि तापवल्यावर ती परत येते. अशा पॅनेलची क्षमता उन्हाळ्यात थोडी सुधारते आणि हिवाळ्यात थोडी उतरते, ती यामुळे. आरसा लावल्याने इथे दोन विरुद्ध गोष्टी एकदम घडतात: जादा प्रकाश क्षमता घटवतो आणि जादा उष्णता तिची काही भरपाई करते.

आरशापेक्षा आणखी एक पॅनेल का नको?

माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. पॅनेल महाग होती तेव्हा आरशाचा हिशेब सहज बसत असे. पण जगातले एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झाले की पॅनेलची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते, हा कल गेली अनेक दशके टिकून आहे. आरसे, त्यांच्या चौकटी आणि वाऱ्याला तोंड देणारे पाये तेवढे स्वस्त झालेले नाहीत. दोन चौरस मीटर आरसा लावून, तो स्वच्छ ठेवून, ऋतूनुसार त्याचा उतार बदलून जे मिळते, ते बहुतेक ठिकाणी एका जादा पॅनेलने कमी कटकटीत मिळते. शिवाय जादा पॅनेल ढगाळ दिवशीही काम करते. मोकळी जागा पुरेशी असेल, तर आज मी कोणालाही आरशाऐवजी पॅनेलच सुचवेन.

मग हा विषय संपला का? नाही, कारण पैशाखेरीज आणखी एक टंचाई आहे. टेल्युरियम हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात प्लॅटिनमच्या जोडीला बसवावे इतके दुर्मीळ आहे आणि ते मुख्यतः तांब्याच्या शुद्धीकरणात मागे राहणाऱ्या गाळातून मिळते. त्याचे जागतिक वार्षिक उत्पादन काही शे टनांच्या घरात आहे आणि तांब्याचे उत्पादन वाढल्याशिवाय ते मनाला येईल तसे वाढवता येत नाही. तीन मायक्रोमीटर जाडीच्या थराचा हिशेब केला, तर एक चौरस मीटर पॅनेलला सुमारे नऊ ग्रॅम टेल्युरियम लागते. उपलब्ध टेल्युरियमच पॅनेलांच्या एकूण क्षेत्रफळावर मर्यादा घालत असेल, तर त्याच क्षेत्रफळातून १.४ पट वीज काढणारा ॲल्युमिनियमचा साधा पत्रा निराळ्याच मोलाचा ठरतो. कारण ॲल्युमिनियमची वानवा नाही. थर आणखी पातळ करणे हा या टंचाईवरचा दुसरा उपाय आहे आणि दोन्ही एकत्रही करता येतात. मात्र त्यासाठी पॅनेल मुळातच दीडपट प्रकाश, ८५ अंशांपलीकडचे तापमान आणि वाढलेला प्रवाह गृहीत धरून बनवावे लागेल: थोड्या अरुंद पट्ट्या, अधिक टिकाऊ चिकट थर आणि मागून उष्णता बाहेर टाकणारी रचना. नेहमीच्या उन्हासाठी बनवलेल्या पॅनेलला मागाहून आरसा जोडणे आणि आरशासाठीच बनवलेले पॅनेल, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पांढरा रंग, चकचकीत कागद, वाकलेला पत्रा

पांढरा रंग ८० टक्के प्रकाश परत पाठवतो, मग तो आरशाच्या जागी चालेल का? पांढरा पृष्ठभाग अनियमित परावर्तन करतो, म्हणजे प्रकाश सगळ्या दिशांना विखरतो, त्यामुळे पॅनेलच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग येतो. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनेलांखाली मात्र पांढरी जमीन उपयोगी पडते. चुरगळलेला चकचकीत कागद आरसा आणि रंग यांच्या मधला असतो आणि उन्हात फार टिकत नाही. आतल्या बाजूला वाकलेला चकचकीत पत्रा तर धोक्याचा आहे, कारण तो प्रकाश एका रेषेत गोळा करतो आणि तिथे काच तडकू शकते किंवा शेजारची वस्तू पेट घेऊ शकते. आरसा सपाटच हवा आणि वाऱ्याने हलणार नाही असा पक्का बसवलेला हवा.

धूळ हीसुद्धा आरशाला अधिक नडते. पॅनेलवरच्या धुळीतून विखुरलेला प्रकाश बराचसा खाली पोहोचतोच, पण आरशाच्या काचेवरच्या धुळीतून प्रकाश दोनदा जातो आणि विखुरला की पॅनेलला चुकतो.

लाभ मोजायचा कसा

भर दुपारी आरसा लावून प्रवाहाचा आकडा वाढलेला पाहणे समाधानकारक असते, पण त्यावरून फारसे काही ठरत नाही. एकाच प्रकारची दोन पॅनेल शेजारी-शेजारी, सारख्याच उतारावर ठेवावीत, एकाला आरसा लावावा आणि दुसऱ्याला नाही. आणि दोन्हींची दिवसभरातली एकूण वीज, युनिटमध्ये, किमान काही आठवडे नोंदवावी. आरशाची सावली दुसऱ्या पॅनेलवर पडत नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ तपासावे. सोबत पॅनेलच्या मागच्या बाजूचे तापमानही टिपून ठेवावे आणि ते ८० अंशांच्या वर जाऊ लागले तर आरसा झाकावा किंवा त्याचा कोन बदलावा. नोंदींमध्ये निरभ्र आणि ढगाळ दिवस वेगळे लिहिले, तर आरशाचा खरा वाटा किती आणि हवामानाचा किती, हे आपोआप निराळे दिसू लागते. आणि मग पॅनेल ९० अंशांत फिरवून तेच मोजमाप पुन्हा केले, की पट्ट्यांच्या दिशेचा परिणाम आकड्यांतच समोर येतो.